रेड्याच्या पुढे

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं लिहिलं आहे: रेड्याच्या पुढे कोणीही जायचे नाही. नवा माणूस कामावर आला की ते वाचून आधी हसतो. एमआयडीसीत, लेथ आणि वेल्डिंगच्या गोंगाटात, रेडा कुठून आला? मग त्याला कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभं असलेलं यंत्र दाखवावं लागतं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. ते मीच ठेवलं आणि मलाच कधी नीट पाठ झालं नाही. काळं, ठेंगणं, ढकललं तरी न हलणारं आणि एकदा हललं की कुणाचं न ऐकणारं, म्हणून पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला रेडा म्हणालं आणि ते चिकटलं. माझ्या आईनं नेवाशाहून फोनवर नाक मुरडलं. रेडा म्हणजे यमाचं वाहन, दुसरं काही सुचलं नाही का तुम्हाला, असं तिचं म्हणणं. मी तिला म्हटलं, यम आला असता तर निदान चालवायला कुणीतरी अनुभवी माणूस मिळाला असता. मला तेव्हा असली उत्तरं पटकन सुचायची.

आम्ही मुळात साखर कारखान्यांची माणसं. गव्हाणीतून ऊस वर नेणाऱ्या कॅरिअरच्या चेन आम्ही वर्षानुवर्षं बनवत आलो. लष्कराला जवानांच्या आधी जाणारी, माणूस न बसवता चालणारी छोटी गाडी हवी आहे, असं आमच्या मालकांना कुठल्याशा प्रदर्शनात कळलं. परत आल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, आपली चेन याला नाही का बसणार? बसली. चाकांच्या जागी असलेले रेड्याचे पट्टे म्हणजे कारखान्याची चेनच, जरा अंग चोरून घेतलेली. कॅमेरे, रिमोट आणि पुढचा यांत्रिक हात माझ्याकडे होता. रेड्यानं वाटेत पुढे जाऊन जमिनीत काही पुरलं आहे का ते पाहायचं, ओझं न्यायचं आणि कुणी जखमी होऊन पडला तर त्याला ओढून मागे आणायचं, अशी मागणी होती. उद्या कुणीतरी त्याच्यावर बंदूकही बसवणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. चहाच्या वेळी तो विषय कुणी काढत नसे.

रेडा चालवायला मालकांनी मेजरांना ठेवलं होतं. मेजर म्हणजे खरं तर हवालदार. आमच्या जिल्ह्यात फौजेतून घरी आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात, आणि म्हणून घेणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. सुरुंग शोधणाऱ्या पलटणीत नोकरी संपवून ते पाथर्डीकडच्या आपल्या गावी परतले होते. रेडा चालवणं आणि आम्हाला अक्कल शिकवणं अशी दोन कामं त्यांच्याकडे होती, त्यातलं दुसरं ते जास्त मन लावून करत. मला सुरुवातीला त्यांचा राग यायचा. मी आखलेली प्रत्येक गोष्ट ते हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहायचे, बाजारात वांगी पाहावीत तशी, आणि मग म्हणायचे की चांगलं आहे, पण बर्फात चालणार नाही.

त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. बिबट्या बसलेला असेल अशी धास्ती असलेल्या फडात सकाळी त्यांचे वडील पहिले शिरायचे, कारण टोळीतल्या कुणीतरी पहिलं शिरावंच लागतं. कोयता सुटावा म्हणून मेजर फौजेत गेले आणि तिथे त्यांच्या हातात सुरुंग शोधायची काठी आली. आता त्यांचा मुलगा त्याच कामावर होता, सीमेवरच्या कुठल्यातरी डोंगरात.

"बाप उसात पुढं, मी सुरुंगात पुढं, आता त्यो पुढं," ते एकदा मला म्हणाले. "ह्ये मशीन पास झालं म्हंजी आमच्या घरातलं पुढं जायाचं संपलं."

ते यंत्र पास व्हायला आम्हा सगळ्यांनाच हवं होतं. पण मेजरांना ते पोरासाठी हवं होतं. ते सकाळी आमच्या आधी येऊन पायरीवर बसलेले असत.

भिंतीवरचं वाक्य त्यांनीच लिहिलं. एकदा आवारात चाचणी चालू असताना मालक फोनवर बोलत रेड्याच्या समोरून गेले. मेजरांनी सगळ्यांदेखत त्यांची अशी काही खरडपट्टी काढली की मालकांनी फोनच बंद केला. दुसऱ्या दिवशी मेजर स्वतः ब्रश घेऊन स्टुलावर चढले. जेवणाच्या सुट्टीत मुलाचा फोन लागला तर बोलणं याच वळणावर यायचं. खाल्लंस का, थंडी किती आहे, आणि मग तपासलेली वाट सोडायची नाही, पुढे गेलेल्याच्या पावलावर पाऊल. पलीकडून तो काय म्हणत असेल ते आम्हाला कळायचं, कारण मेजर लगेच चिडायचे. "पाठ हाय म्हनून काय झालं? पुन्ना म्हन." आणि त्या जवान पोराला ते फोनवर म्हणावं लागायचं.

जखमीला ओढून आणायच्या सरावासाठी आम्ही पोत्यात वाळू भरून एक माणूस केला होता. मेजरांचा जुना गणवेश त्याला घातला. तो दिवसभर आडवा पडून राहायचा, काही काम करायचा नाही आणि त्याला उचलायला चार माणसं लागायची, म्हणून त्याचं नाव जावईबापू पडलं. जावईबापूंच्या खांद्यावरच्या पट्ट्यात रेड्याच्या हाताला लावलेला हूक अडकवायचा आणि ओढायचं, एवढंच काम. माझा यांत्रिक हात नेमका तिथेच थरथरायचा. हूक कधी कानाजवळून जायचा, कधी छातीत खुपसायचा. एकदाही पहिल्या फटक्यात लागला नाही.

मेजरांचं म्हणणं वेगळंच होतं. खरा माणूस शुद्धीवर असेल तर हूक तोच लावून घेईल, फक्त हूक त्याला सापडला पाहिजे. स्फोटानंतर दिसत नसतं, ऐकू येत नसतं, डोळ्यांत माती आणि कानांत दडे असतात. तेव्हा त्याच्या हाताला काहीतरी लागायला हवं. हे सांगून ते थांबले नाहीत. घरून बैलाचा कासरा घेऊन आले, त्याला जागोजाग गाठी मारल्या, टोकाला मोठा फास ठेवला आणि दुसरं टोक माझ्या हुकाला बांधलं. एवढी डोकेफोड करून बनवलेल्या हाताला बैलाची दोरी लोंबताना पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, हा पट्ट्यात गुंतणार. तो पहिल्याच दिवशी गुंतला. माझं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद मी दुपारभर चेनमधून सुंभ कापून काढत उपभोगला. दुसऱ्या दिवशी मेजर आखूड कासरा घेऊन आले. मी नाद सोडला.

त्याच सुमारास आम्ही रेडा राजूरच्या बाजूला नेला होता, चढण आणि चिखल तपासायला. टेम्पोतून उतरवला तेव्हा बाजाराला आलेली माणसं गोळा झाली. रेडा खडकावरून चढला, घसरला, पुन्हा चढला. जावईबापूंना ओढत खाली आणलं तेव्हा डोंगरावरच्या वाडीतला एक माणूस पुढे आला. पावसाळ्यात त्यांच्याकडे रस्ता राहत नाही, आजारी माणसाला झोळीत घालून खांद्यावरून आणतात. त्यानं विचारलं, हे आम्हाला मिळेल का? मालक म्हणाले, हे लष्करासाठी आहे. तो माणूस म्हणाला, बरं. मेजर परतीच्या वाटेत म्हणाले, आधी तिकडं पास होऊ द्या, मग इकडंबी आनू. भंडारदऱ्याच्या फाट्यावर आम्ही भजी खाल्ली. मला तो दिवस फार आवडला होता.

लष्करातले अधिकारी प्रात्यक्षिक पाहायला येणार होते, त्याच्या आधीच्या आठवड्यात मालकांनी मोकळ्या रानात रंगीत तालीम करायचं ठरवलं. नगरच्या बाहेर एका गावाचं गायरान मिळालं. नगर शहराचं नाव आता बदललं आहे, पाट्याही बदलल्या, तोंडात मात्र अजून नगरच येतं. त्या गायरानापासून बऱ्याच अंतरावर तोफा आणि बंदुकांच्या सरावाचा माळ आहे. वारा इकडचा असला की धडधड ऐकू येते, लोक मान वर करून पाहतही नाहीत. गायरान सरावाच्या हद्दीत नव्हतं. तरीही मेजरांनी रस्त्यालगतचा पट्टा आदल्या दिवशी स्वतः तपासला आणि भोवती फीत बांधली. फितीच्या आत आपलं काम, बाहेर कुणी जायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं.

सकाळ छान होती. रेडा उतरवला, जावईबापूंना गवतात झोपवलं. मालकांनी पिशवीतून नारळ काढला. आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय काही सुरू होत नाही. कारखान्याला जाणारी साधी चेन असली तरी गाडीच्या चाकाशी नारळ फुटतो आणि मगच गाडी फाटकाबाहेर पडते. पण त्या पट्ट्यात दगड नव्हता. पायाखाली नुसता मुरूम, हातानं चुरडणारा. मालकांनी टेम्पोच्या बंपरवर फोडायचं म्हटलं.

"बंपरवर काय फोडता?" मेजर म्हणाले. "देव हाय की तितं."

फितीच्या पलीकडे, थोड्या उतारावर, गवतात एक दगड होता. शेंदूर फासलेला. एका दिवसाचा नव्हे, थरावर थर चढलेला, आणि त्याच्यापुढे वाळलेली झेंडूची फुलं. गायरानात, बांधावर, ओढ्याकाठी असे देव आमच्याकडे जागोजाग असतात. म्हसोबा असेल, नाहीतर दुसरा कुणी. त्याला ओलांडून काम सुरू करणं कुणालाच बरं वाटलं नसतं. मेजरांनी बूट काढले, मोजे त्यांत खोचले, बूट फितीशी नीट जोडून ठेवले आणि मालकांच्या हातातून नारळ घेतला. फीत वर उचलून ते वाकून पलीकडे गेले.

मी रिमोटची बॅटरी पाहत होते. मालक उदबत्ती पेटवत होते. फीत ज्यानं बांधली तोच पलीकडे गेला, हे आमच्या डोळ्यांसमोर घडलं आणि आमच्यातल्या एकाच्याही मनात शंका आली नाही. देवाकडे जाणारा माणूस आम्हाला रेड्याच्या पुढे गेलेला वाटलाच नाही. आणि त्यांनाही वाटलं नसणार. सुरुंगांतून इतकी वर्षं नीट चालत आलेला माणूस अनवाणी झाला आणि त्या चार पावलांपुरता फौजी राहिला नाही.

ते गुडघ्यावर बसले. नारळ उचलला.

आवाज मला वाटला होता तेवढा मोठा नव्हता. पत्र्यावर कुणीतरी घण घातल्यासारखा एकच, आणि मग मातीचा लोट. मालकांच्या हातातल्या उदबत्त्या पडल्या आणि ते फितीकडे धावले. तेवढ्यात गवतातून एक हात वर आला. डावा हात, मूठ वळलेली. ही मेजरांची खूण होती, थांबा म्हणून. आवारात ती मूठ दिसली की आम्ही श्वाससुद्धा रोखायचो. मालक जागच्या जागी थांबले. मग मूठ उघडली आणि तळवा दोनदा आपल्याकडे ओढल्यासारखा हलला. म्हणजे रेडा पुढे घ्या. त्यांना आम्ही दिसत नव्हतो. आपण आंधळे झालो आहोत आणि आता कुणीतरी मूर्ख माणूस आपल्याकडे पळत येणार, एवढं त्यांना कळलं होतं.

मी रेडा पुढे घेतला. फितीवरून, गवतातून, कॅमेरा जमिनीवर रोखून. यंत्राचा हात थरथरत नव्हता. पडद्यावर आधी गवत दिसलं, मग त्यांचे उघडे पाय, मग ते. उजव्या हाताकडे मी एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. डावा हात जमिनीवर अर्धगोल फिरत होता, अंथरुणाशेजारी चष्मा चाचपावा तसा. मी हूक खाली सोडला. कासरा त्यांच्या बोटांना लागला. त्यांनी पहिली गाठ धरली, मग दुसरी, मग फास. एका हातानं तो डोक्यावरून घेतला, काखेखाली सारला, आणि तळवा दोनदा जमिनीवर आपटला. ओढा.

पहिल्याच फटक्यात लागलं. इतक्या दिवसांत असा न लागलेला हूक लागला आणि मला आनंद झाला. खरंच झाला, क्षणभर. तो आठवला की मला अजून स्वतःची किळस येते. मग मी रेडा आलेल्या पट्ट्यांच्या खुणांवरूनच मागे घेतला आणि मेजर फितीच्या आत आले.

टेम्पोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कान गेल्यामुळे ते मोठ्यानं बोलत होते, आणि ऐकू येत नसल्यामुळे मला त्यांना काही सांगता येत नव्हतं. पाणी मागितलं नाही, बायकोची आठवण काढली नाही. माझी ओढणी मुठीत धरून एकच गोष्ट सांगत राहिले.

"पोराला सांगू नका मी पुढं गेल्तो. म्हनावं मशीनच्या मागं हुतो. न्हाईतर त्यो म्हनंल, आबाबी गेलेच की. मंग कुनाचं ऐकायचा न्हाई त्यो. मागं हुतो म्हनून सांगा, पोरी."

मी त्यांचा हात दाबला. एरवी ते मला मॅडम म्हणायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमध्ये ते गेले.

त्याच संध्याकाळी मी आणि मालक पोलिसांबरोबर गायरानात गेलो. बॉम्ब काढणारं पथक काम करत होतं. दगडाच्या बुडाशी मुठीपेक्षा थोडा मोठा, न फुटलेला गोळा होता, दगड त्यालाच टेकलेला होता, असं त्यांनी सांगितलं. तो तिथे आला कसा, कुणी भंगारासाठी माळावरून उचलून आणून टाकला की आणखी कसा, हे कुणालाच कळलं नाही. रस्त्याच्या कडेला एक मेंढपाळ बाई उभी होती. तिनं आपण होऊन पोलिसांना सांगितलं की शेंदूर तिनंच लावला होता.

मी तिच्या अंगावर धावूनच गेले. का लावला, म्हणून ओरडले. ती मागे सरली नाही. तिचा दीर भंगार वेचताना असाच गेला होता. तेव्हापासून असं काही दिसलं की ती खूण करायची. आधी काटेरी फांद्या टाकल्या, त्या लोकांनी कुंपणाला नेल्या. लाल फडकं बांधलं, तेही कुणीतरी नेलं.

"शेंदूर कोनी न्हेत न्हाई," ती म्हणाली. "पोलिसाला भ्येत न्हाईत, देवाला भ्येत्यात. लांबनंच हात जोडत्यात आन् जात्यात. आजवर कोनी हात लावला न्हाई." मग तिनं मला विचारलं, अगदी खरंच उत्तर हवं असल्यासारखं, "आता काय लावू?"

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. तिला काय सांगावं ते मला आजही सुचलेलं नाही, आणि मी अशाच गोष्टी शोधून काढण्याचा पगार घेते.

मालक प्रात्यक्षिक पुढे ढकलणार होते. मीच नको म्हटलं. रेडा मी चालवला. जावईबापूंना ओढून आणलं, अधिकाऱ्यांनी वाकून कासरा पाहिला आणि ही दोरी कशासाठी म्हणून विचारलं. मी सांगितलं, दिसत नसेल त्याच्या हाताला लागावी म्हणून. त्यांना ते फार पटलं. कुणाची कल्पना, असंही एकानं विचारलं. मी म्हटलं, मेजरांची, आणि तो अधिकारी बहुधा समजला की खराच कुणी मेजर असेल.

मेजरांचा मुलगा अंत्यविधीला पोचला होता, पण तिथे आमचं बोलणं झालं नाही. दहाव्यानंतर तो वर्कशॉपमध्ये आला. बापासारखाच चेहरा, फक्त जरा उंच. मी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे जे सांगायचं ठरलं होतं ते. तालीम चालू होती, ते मशीनच्या मागे होते, भटका गोळा होता, कुणाला कल्पना नव्हती. तो मान हलवत ऐकत होता. खोटं बोलायला मला कधी जड गेलेलं नाही, मालकांच्या वतीनं गिऱ्हाइकांशी मी रोज बोलते. पण त्या दिवशी हे सांगताना मी त्याच्याकडे न पाहता ताडपत्रीची दोरी सोडत राहिले. मग मी त्याला रेडा दाखवला. त्यानं कासऱ्याच्या गाठी एकेक करून हाताखालून घातल्या.

त्याला काहीतरी द्यावं असं मला वाटलं. मेजरांचे बूट माझ्या टेबलाखाली होते. गायरानातून मालकांनी उचलून आणले होते, तेव्हापासून तिथेच. मी ते पुसलेही नव्हते, पुसण्यासारखं त्यांच्यावर काही नव्हतंच. मी बूट त्याच्या हातात दिले.

तो ते हातात घेऊन उभा राहिला. नाड्या नीट सोडलेल्या, मोजे आत खोचलेले. कुठे रक्त नाही, ओरखडा नाही. मला माझी चूक तेव्हा कळली, पण बूट परत मागता येत नव्हते.

"आबांनी बूट काढले हुते," तो म्हणाला. त्यानं विचारलं नव्हतंच. मग म्हणाला, "घरात आन् देवापुढं, दोनच ठिकानी काढायचे ते. देव हुता का तितं, ताई?"

मी म्हटलं, "शेंदूर होता."

तो खाली बसला, मेजर सकाळी बसायचे त्याच पायरीवर. मी शेजारी बसले आणि रडले. इतके दिवस रडले नव्हते. तो रडला नाही. मी त्याला सांगितलं की त्यांनी मला टेम्पोत शपथ घातल्यासारखं काय सांगितलं होतं, आणि का. तो म्हणाला, ठाऊक आहे, माझ्यासाठी दुसरं काय सांगून ठेवलं असतं त्यांनी. आईला मात्र तसंच सांगा, ती विचारेल. मी हो म्हटलं.

मग त्यानं विचारलं की हे मशीन वर, त्यांच्याकडे, कधी येईल. त्याच्याशी आणखी खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. आता उन्हाळ्यातल्या चाचण्या, मग थंडीतल्या, मग बर्फातल्या, मग कागद, मग टेंडर, आणि त्यातही दुसऱ्या कुणाचं यंत्र निवडलं जाऊ शकतं, हे सगळं मी त्याला सांगितलं.

"म्हंजी लगीच न्हाई."

"नाही."

त्यानं बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या, बूट खांद्यावर टाकले आणि उठला. दारापाशी थांबून त्यानं भिंतीवरचं वाक्य वाचलं. बापाचं अक्षर त्यानं लगेच ओळखलं असणार.

"येऊ द्या सावकाश, ताई," तो म्हणाला. "तवर पुढं मी हायेच."